इंजिनाचा कार्बोरेटर

मंडळी, पेट्रोलवर चालणारी लहान इंजिने आता गावोगाव दिसतात. ओढ्याचे पाणी उचलणारा पंप त्यावर चालतो. कोळपणी करणारा पॉवर विडर त्यावर चालतो. औषध फवारायचा पंप आणि गवत कापायचे यंत्र हीही त्यावरच चालतात. इंजिन लहानसे, पण काम मोठे करते.

या इंजिनाची एक खोड सर्वांना माहीत आहे. ऐन गरजेच्या वेळी ते रुसून बसते. कांद्याचे रोप लावून चार दिवस झालेले असतात. ऊन मी म्हणत असते. पाणी आजच द्यायला हवे. आणि इंजिन काही चालू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. मग ते गाडीवर घालून तालुक्याला न्यायचे. जाण्यायेण्यात दिवस मोडतो. मजुरी द्यावी लागते ती वेगळीच. इकडे रोप माना टाकते.

तिकडे मिस्त्री काय करतो? पुष्कळ वेळा तो कार्बोरेटर उघडतो, आतला कचरा काढतो आणि पुन्हा बसवतो. झालं! हे काम आपल्यालाही करता येईल. त्याला ताकद लागत नाही. सबुरी लागते. स्वच्छता लागते. आणि कोणता भाग कशासाठी आहे ते समजावे लागते. तेच आपण या पाठात पाहू.

कार्बोरेटर काय करतो?

चूल पेटवताना आपण काय करतो? नुसती लाकडे कोंबली तर धूरच होतो. मग आपण लाकडे जरा मोकळी करतो. फुंकणीने फुंकतो. हवा मिळाली की जाळ होतो. जळण आणि हवा, दोन्ही प्रमाणात हवी.

इंजिनातही तसेच आहे. तिथे पेट्रोल हे जळण. पण पेट्रोलची धार आत सोडून चालत नाही. त्याचा अगदी बारीक तुषार करावा लागतो. हा तुषार हवेत नीट मिसळावा लागतो. हे मिसळण्याचे काम कार्बोरेटर करतो. आपल्याकडे कुणी त्याला कार्बेटर म्हणतात. नाव काही असो, वस्तू तीच.

हवा किती लागते, याचा अंदाज आहे का? १ किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबाने बघा. १ लिटर पेट्रोलला सुमारे ९००० लिटर हवा लागते. २०० लिटरचे एक पिंप घ्या. अशी ४५ पिंपे भरून हवा! एवढी हवा कार्बोरेटरच्या त्या बोटभर गळ्यातून जाते.

पेट्रोल कमी पडले तर इंजिन चालू होत नाही, किंवा चालता चालता मरते. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर येतो, प्लग काजळतो, पैसा जळतो. अति तेथे माती, ही म्हण इथेही खरी आहे.

आत काय काय असते?

पाटाचे पाणी आठवा. पाट रुंद असतो तिथे पाणी संथ वाहते. पाट अरुंद झाला की तेच पाणी जोराने धावते. कार्बोरेटरचा गळाही असाच मध्ये अरुंद केलेला असतो. इंजिन हवा ओढते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो. वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. खाली वाटीत पेट्रोल असते. त्याच्यावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. वर दाब कमी, खाली जास्त. म्हणून पेट्रोल नळीतून वर चढते आणि गळ्यात तुषार होऊन उडते. इथे पंप नाही, मोटर नाही. सारे काम हवेच्या दाबावर चालते.

ही युक्ती जुनी आहे. तुषार उडवणारा आणि खाली पेट्रोलची वाटी असलेला कार्बोरेटर १८९३ साली पुढे आला. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी तो केला. त्याच साली हंगेरीत डोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनीही तसाच कार्बोरेटर केला. २०२० पासून आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. पण शेतावरच्या लहान इंजिनांत तो अजून आहे.

आता त्याचे भाग ओळखून घेऊ.

वाटी : कार्बोरेटरच्या तळाला असते. तिच्यात थोडे पेट्रोल साठते.

तरंगा : याला फ्लोट म्हणतात. तो वाटीतल्या पेट्रोलवर तरंगतो. पाण्याच्या टाकीत चेंडूचा कॉक असतो ना? टाकी भरली की चेंडू वर येतो आणि पाणी बंद होते. तसाच हा तरंगा.

सुई : तरंग्याला एक छोटी टोकदार सुई अडकवलेली असते. तरंगा वर आला की सुई पेट्रोलचे तोंड बंद करते. खाली गेला की उघडते.

मेन जेट : हा पितळेचा छोटा स्क्रू असतो. त्याला मधोमध भोक असते. इंजिनावर भार आला की पेट्रोल या भोकातून जाते.

स्लो जेट : याचे भोक आणखी बारीक. इंजिन हळू चालते तेव्हा याच्यातून पेट्रोल मिळते.

रेसची झडप : गळ्यात एक गोल पत्रा फिरतो. तो उघडला की जास्त हवा आणि जास्त पेट्रोल आत जाते.

चोक : ही हवेच्या तोंडावरची झडप. थंड इंजिन चालू करताना ती लावतात. हवा कमी होते, पेट्रोल जास्त ओढले जाते.

एवढे भाग ओळखले की निम्मे काम झाले, असे समजा.

आधी सोपे तपासा

इंजिन बंद पडले की काहीजण लगेच पाना घेऊन कार्बोरेटर खोलतात. हे बरोबर नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, असे होते. आधी पुढील गोष्टी बघा.

१. टाकीत पेट्रोल आहे का? कॉक उघडा आहे का? इंजिनाचे बटण चालूवर आहे का?

२. इंजिनातले तेल पुरेसे आहे का? काही इंजिनांत तेल कमी झाले की ठिणगी आपोआप बंद होते. मग कितीही दोरी ओढा, इंजिन चालू व्हायचे नाही. तेल घातले की सुंठीवाचून खोकला जातो.

३. हवेचा फिल्टर काढून बघा. तो धुळीने भरला असेल तर इंजिनाचा श्वास कोंडतो. स्पंजचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, पिळा, सावलीत वाळवा. मग कंपनीने सांगितले असेल तर थोडे तेल लावून पिळून बसवा. कागदाचा फिल्टर मात्र धुवू नये. तो हलके आपटून झटकावा. फार मळला तर बदलावा. फिल्टर काढून टाकून इंजिन कधीही चालवू नका. धूळ आत गेली की पिस्टन आणि सिलिंडर घासून जातात. तो खर्च फार मोठा.

४. टाकीचे झाकण बघा. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते तुंबले तर टाकीत हवा शिरत नाही. हवा शिरली नाही तर पेट्रोल उतरत नाही. याची खूण सोपी आहे. इंजिन दहापंधरा मिनिटे चांगले चालते आणि मग मरते. झाकण सैल केले की पुन्हा चालू होते. असे झाले तर झाकणाचे भोक साफ करा. कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही.

५. प्लग काढून बघा. प्लग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळा आणि काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. पुष्कळ दोरी ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही. प्लग ओलाचिंब असेल तर पेट्रोल पोचते, पण एक तर ते जास्त होते किंवा ठिणगी पडत नाही.

लक्षणावरून रोग ओळखा

वैद्य नाडी बघतो, जीभ बघतो, मग औषध देतो. आपणही तसेच करू. नाही तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी गत व्हायची.

प्लग कोरडा आहे. वाटीच्या तळाला एक छोटा स्क्रू असतो. खाली भांडे धरा. कॉक उघडा आणि हा स्क्रू सैल करा. पेट्रोल वाहत राहिले तर वाटीपर्यंत रस्ता मोकळा आहे. दोष पुढे, जेटमध्ये आहे. पेट्रोल आलेच नाही, किंवा थोडे येऊन थांबले, तर दोष मागे आहे. टाकीतली जाळी, कॉक, नळी आणि सुई तपासा.

इंजिन चोक लावला तरच चालते. चोक काढला की मरते. याचा अर्थ पेट्रोल कमी पडते आहे. जेट तुंबले असतील. किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले पॅकिंग फाटून तिथून जादा हवा शिरत असेल.

हळू चालवले की इंजिन मरते, रेस दिली तर चालते. दोष बहुधा स्लो जेटमध्ये आहे.

हळू छान चालते, पण पंपावर भार आला की गुदमरते. दोष बहुधा मेन जेटमध्ये आहे.

इंजिनाची रेस आपोआप खाली-वर होत राहते. जेट अर्धवट तुंबले की असे पुष्कळदा होते. रेस सांभाळणारी तार किंवा स्प्रिंग अडकली असेल तरीही असे होते.

काळा धूर येतो. चोक पुरता उघडत नसेल. फिल्टर तुंबला असेल. किंवा सुई नीट बंद होत नसेल.

कार्बोरेटरमधून पेट्रोल गळते. सुईखाली कचरा अडकला असेल, सुई झिजली असेल, किंवा तरंग्याला भोक पडून तो बुडाला असेल. हा दोष धोक्याचा आहे. कॉक लगेच बंद करा. मग इंजिनाच्या तेलाची कांडी काढून वास घ्या. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल आणि तेलाची पातळी वाढली असेल, तर पेट्रोल तेलात उतरले आहे. पातळ झालेले तेल इंजिनाचे रक्षण करत नाही. तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

आधी जीव, मग इंजिन

पेट्रोल म्हणजे खेळ नव्हे. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते. म्हणून ती जमिनीलगत पसरत जाते. चार हात दूर चूल असली तरी तिथपर्यंत जाऊन पेट घेते. तेव्हा हे नियम पाळा.

काम उघड्यावर करा. घरात, गोठ्यात करू नका. जवळ विडी, चूल, कंदील नको. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. काढलेले पेट्रोल झाकणाच्या डब्यात ओता. पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. लहान मूल ते पाणी समजून पिते. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. जेट तोंडाने फुंकू नका. पेट्रोल पोटात किंवा छातीत गेले तर जिवावर बेतते. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

कार्बोरेटर उघडणे

सामान फार लागत नाही. दोन-तीन पाने, नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, दात घासायचा जुना ब्रश, स्वच्छ फडके आणि एक थाळी. कार्बोरेटर धुवायचा स्प्रे दुकानात मिळतो, तो आणावा. तुमच्या इंजिनाचा नंबर सांगून दुरुस्तीचा संच, म्हणजे किट, आणून ठेवावे. त्यात पॅकिंग, रबराची कडी आणि बहुधा सुई असते.

बाहेरची माती आधी पुसून काढा. उघडल्यावर पुसाल तर तीच माती आत जाईल.

कॉक बंद करा. वाटी रिकामी करा. फिल्टरचा डबा काढा. आता रेसच्या तारा आणि स्प्रिंगा दिसतील. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात आहे, ते नीट बघा. मोबाइल असेल तर फोटो काढून ठेवा. नसेल तर कागदावर चित्र काढा. आता तुम्हांला लिहिता येते, त्याचा इथे उपयोग करा.

कार्बोरेटर दोन नटांवर बसलेला असतो. नट काढून तो हळूच बाहेर ओढा. इंजिनाच्या बाजूला पॅकिंग, मग एक जाड काळी चकती, मग पुन्हा पॅकिंग, असा क्रम असतो. ती चकती इंजिनाची उष्णता अडवते. पॅकिंगचा क्रम आणि तोंड लिहून ठेवा. पॅकिंग उलटे बसले तर हवेची बारीक भोके बंद होतात.

वाटीचा बोल्ट काढा. वाटी खाली येईल. तिच्या तळाशी बघा. तिथे पाण्याचे मणी दिसतील, लाल गाळ दिसेल, नाही तर वार्निशासारखा पिवळट थर दिसेल. हा थर जुन्या पेट्रोलचा. हाच खरा चोर.

तरंग्याची छोटी कडी ओढून काढा. तरंगा आणि सुई बाहेर येईल. तरंगा कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळले तर तो फुटला आहे, बदला. सुईच्या टोकावर बोट फिरवा. गोल खाच लागली तर सुई बदला.

आता मेन जेट काढा. पितळ मऊ असते. लहान स्क्रू ड्रायव्हर लावला तर खाच मोडते. नीट बसणाराच लावा. जेटच्या वर बारीक भोकांची एक नळी असते. तीही काढा. स्लो जेट असेल तर तोही काढा. काही कार्बोरेटरवर मिश्रणाचा एक स्क्रू असतो. तो आधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे झाले ते मोजा. आकडा लिहा. मगच स्क्रू बाहेर काढा. जोराने आवळू नका, टोक मोडते. त्या स्क्रूवर कंपनीने टोपी बसवली असेल तर त्याला हात लावू नका.

काढलेला प्रत्येक भाग थाळीत क्रमाने मांडा.

साफ करणे

जेट आभाळाकडे धरून आरपार बघा. भोक गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. ते किती बारीक असते? अशा पुष्कळ इंजिनांत मेन जेटचे भोक पाऊण मिलिमीटरही नसते. स्लो जेटचे त्याच्या निम्म्यासारखे. वाळूचा एक कण ते बंद करू शकतो.

इथे एक मोह होतो. भोकात सुई किंवा तार घालावीशी वाटते. तसे करू नका. कारण ऐका. समजा भोक ०.७ मिलिमीटरचे आहे. तारेने घासून ते ०.८ झाले. फरक केसाएवढाच. पण भोकाचे तोंड सुमारे ३० टक्क्यांनी वाढले! आता पेट्रोल कायम जास्त जाणार. इंजिन काळा धूर ओकणार. मग जेट बदलण्यावाचून उपाय नाही. भोक तुंबले असेल तर जेट स्प्रेमध्ये भिजू द्या. थर मऊ झाला की ब्रशचा नायलॉनचा एक केस आत घालून हळूच फिरवा.

धुण्याच्या औषधात रबर आणि प्लास्टिक टाकू नका. ते फुगते. फक्त धातूचे भाग धुवा. डोळ्यांना चष्मा लावा. स्प्रे एका भोकातून मारला की दुसऱ्याच भोकातून डोळ्यात उडतो.

कार्बोरेटरच्या अंगात पुष्कळ बारीक वाटा आहेत. प्रत्येक भोकात स्प्रे मारा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघा. बाहेर आला म्हणजे वाट मोकळी. मग पंपाच्या हवेने वाळवा. सायकलचा पंपही चालतो. फडक्याचे धागे आत राहू देऊ नका.

परत बसवणे

काढले त्याच्या उलट क्रमाने बसवा. जुने पॅकिंग खरवडून जागा साफ करा. नवे बसवा. जेट आवळताना हात हलका ठेवा. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत नेऊन, लिहून ठेवलेले फेरे मोजून मागे घ्या.

तरंगा आणि सुई बसवून कार्बोरेटर उलटा धरा. तरंगा कडेला साधारण समांतर दिसला पाहिजे. नेमके अंतर इंजिनाच्या पुस्तिकेत असते. प्लास्टिकचा तरंगा वाकवू नका.

वाटी लावा. कार्बोरेटर इंजिनावर बसवा. तारा आणि स्प्रिंगा फोटो बघून लावा. रेसची झडप सहज उघडते आणि मिटते ना, ते हाताने बघा. मग कॉक उघडून पाच मिनिटे थांबा. घाई करू नका. थेंबही गळता कामा नये. सांडलेले पेट्रोल पुसून वाळू द्या. मगच प्लगची टोपी लावा.

चोक लावा आणि दोरी ओढा. इंजिन चालू झाले की ते तापू द्या आणि चोक हळूहळू काढा. थोडा भार देऊन बघा. आवाज एकसारखा आला, धूर काळा नाही, गळती नाही, म्हणजे तुमचे काम साधले.

गवत कापायच्या यंत्राचा कार्बोरेटर बहुधा वेगळा असतो. ते यंत्र आडवे-तिरपे धरावे लागते. म्हणून त्यात वाटी आणि तरंगा नसतो. त्याजागी रबरासारखा पातळ पडदा असतो. पडदा कडक झाला की यंत्र चालत नाही. किटमधला नवा पडदा घालावा लागतो.

कचरा येतो कुठून?

साफ केले, पण पुन्हा तेच झाले, असे पुष्कळांना होते. मूळ कारण काढले नाही तर रोग परततोच.

पहिले कारण, घाणेरडे भांडे. पेट्रोल नेहमी जाळीतून गाळून ओता. टाकी गंजली असेल तर ती आधी साफ करा.

दुसरे कारण, जुने पेट्रोल. पेट्रोल महिनोन् महिने ठेवले की त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो.

तिसरे कारण, पाणी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल म्हणजे एक प्रकारचे मद्यार्क. ते उसाचा रस, मळी आणि धान्य यांपासून करतात. आपल्याच साखर कारखान्यांतून ते मोठ्या प्रमाणावर निघते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ साली विकायला आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. इथेनॉलचा एक गुण आहे. ते पाण्याला धरून ठेवते. दमट हवेतले पाणीही ओढते. पाणी फार झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होते आणि तळाशी बसते. कार्बोरेटर पेट्रोल तळातूनच घेतो. म्हणजे इंजिनाला आधी पाणीच मिळते! शिवाय अशा पेट्रोलने जुन्या इंजिनांतले रबर लवकर खराब होऊ शकते. म्हणून नळी वर्षातून एकदा वाकवून बघा. भेगा दिसल्या तर बदला.

उपाय सोपा आहे. लागेल तेवढेच पेट्रोल आणा. महिनाभराहून जास्त दिवस इंजिन ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करा. मग इंजिन चालवून ते आपोआप बंद पडू द्या. शेवटी वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा. या कामाला पाच मिनिटे लागतात. पण पुढच्या हंगामात इंजिन पहिल्या-दुसऱ्या दोरीला चालू होते.

एक इशारा

इंजिन दुरुस्त झाले. आता ते चालवणार कुठे? विहिरीचे पाणी खोल गेले की काहीजण इंजिन विहिरीत उतरवतात. असे कधीही करू नका. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. तो विहिरीत साठतो. माणसाला गुंगी येते आणि तो जागीच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. एका घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसे अशी गेली आहेत. कुणी पडलेच तर मागोमाग उतरू नका. इंजिन बंद करा, माणसे जमवा, ११२ नंबरला फोन करा. पडलेल्याला वरूनच दोराने ओढता आले तर ओढा. बंद खोलीतही इंजिन चालवू नका.

मंडळी, यंत्र मुके असते. पण ते खुणांनी बोलते. काळा धूर, कोरडा प्लग, खाली-वर होणारी रेस, ही त्याची भाषा. ती वाचायला शिकलो तर पाण्याची पाळी चुकणार नाही आणि तालुक्याची खेपही वाचेल. तरीही एखादा दोष कळलाच नाही तर मिस्त्रीकडे जावे. मात्र तो काय करतो, ते शेजारी उभे राहून बघावे आणि विचारावे.

सांगा पाहू

१. तरंगा आणि सुई मिळून कोणते काम करतात?

२. इंजिन पंधरा मिनिटांनी मरते आणि टाकीचे झाकण सैल केले की चालते. दोष कोठे आहे?

३. जेटच्या भोकात तार का घालू नये?

४. हंगाम संपल्यावर पेट्रोल का काढून ठेवावे?

५. विहिरीत इंजिन का उतरवू नये?